मुलाम्याच्या पाचशे गोळ्या

माझं नाव नॉर्बर्ट. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या सासऱ्यांना एकतीस वर्षांत त्या नावाची कधी गरज पडलेली नाही. मार्लिसशी लग्न करायची परवानगी मागायला गेलो, त्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय करतोस?" मी म्हटलं, "विमा कंपनीत आहे. घरांची पाहणी करतो." ते म्हणाले, "म्हणजे ज्याचं घर जळलं, त्याला पैसे का मिळणार नाहीत हे सांगायला जातोस." तेव्हापासून मी 'विमेवाला'. "विमेवाल्याला सूप वाढ." "विमेवाल्याला म्हणावं, गाडी माझ्या दारासमोरून काढ." आमची दोन मुलं झाली, मोठी झाली, गाव सोडून गेली, पण माझं बारसं काही त्यांच्या घरी झालं नाही. मीही त्यांना आजतागायत 'मिस्टर ब्रेके' म्हणतो. 'ऑर्व्हिल म्हण' असं त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि न सांगता म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडं नाही.

मिस्टर ब्रेके त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या न्यू टेलमार्क गावच्या डेअरीत चीज केलं, आणि जगातल्या प्रत्येक माणसाकडं ते अजून कच्च्या चीजकडं बघावं तसं बघतात. बोट दाबून. गावाच्या नेमबाजी क्लबात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दर मे महिन्यात तिथं जोडीची स्पर्धा होते. एका घरातली दोन माणसं, दोन पिढ्यांमधली, रिव्हॉल्व्हर घेऊन उभी राहतात. अट एकच, आणि ती क्लबाच्या स्थापनेपासूनची आहे: काडतुसं घरी, स्वतःच्या हातानं भरलेली हवीत. विकतचं काडतूस वापरलं की जोडी बाद. मिस्टर ब्रेके या स्पर्धेत चौतीस वर्षं आपला पुतण्या मायलो याच्याबरोबर उभे राहिले. या वर्षी मायलोला संधिवात झाला, आणि विस्कॉन्सिनच्या थंडीला शिव्या देत तो ॲरिझोनाला राहायला गेला.

जानेवारीतल्या एका रविवारी चर्चहून आल्यावर आम्ही त्यांच्याकडं जेवायला बसलो होतो. ते म्हणाले, "यंदा नाव काढून घेतो. मायलो गेला. घरात दुसरं माणूस नाही."

मी त्यांच्या समोरच बसलो होतो. हाताला बटाट्याचं भांडं लागत होतं इतक्या जवळ.

मार्लिस म्हणाली, "अहो बाबा, नॉर्बर्ट आहे की!"

मिस्टर ब्रेके यांनी मान वर करून खोलीत सगळीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "हा? याला काडतूस भरता येतं?"

"येईल की," मी म्हणालो. त्या क्षणी मला नेमकं काय झालं होतं ते सांगता येत नाही. एकतीस वर्षं साचलेलं काहीतरी असावं.

"विकतची आणलीस तर माझ्या शेजारी उभं राहायचं नाही," ते म्हणाले. "विकतचं काडतूस म्हणजे डब्यातलं सूप. भूक भागते, पण खाणाऱ्याची लाज जाते." मग आत जाऊन त्यांनी आपलं दुसरं रिव्हॉल्व्हर फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून आणलं आणि माझ्या हातात दिलं. देताना त्यांचा हातही जरा थरथरला. मला वाटलं, जावयावर विश्वास टाकताना माणूस भावूक होतो. माणसाचा स्वतःबद्दल किती गैरसमज असू शकतो ते बघा.

मी विचारलं, "मिस्टर ब्रेके, तुमच्या तळघरात येऊन एकदा बघू का, तुम्ही कसं भरता ते?"

"तळघरात कोणी यायचं नाही. मला कोणी दाखवलं नव्हतं," ते म्हणाले, आणि आपला कॉफीचा जुना लाल डबा कपाटात आणखी आत सरकवला. त्या डब्यात त्यांची काडतुसं असतात. तो डबा गावात सगळ्यांना माहीत आहे. काही लोक त्याला आमच्या पाद्र्यांपेक्षा जास्त मान देतात.

आता काडतूस भरणं म्हणजे काय, तर अगदी सोपं. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, साफ करायची, तिच्या बुडातला जळलेला प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी बारीक टिकली, काढून नवा बसवायचा, आत मोजून बंदुकीची दारू घालायची, तोंडावर गोळी बसवायची आणि तोंड आवळायचं. हे मला शेजारच्या ड्वेननं सांगितलं. ड्वेन तीस वर्षं पोस्टमन होता. त्यामुळं गावात कोणाच्या घरात काय आहे हे त्याला माहीत असतं, आणि ते कसं करायला पाहिजे होतं हेही. स्वतः त्यानं गेल्या वीस वर्षांत एकही काडतूस भरलेलं नाही. "पाठ," तो म्हणतो. पण उंटावरून शेळ्या हाकायला पाठ लागत नाही.

"सोपं आहे रे," ड्वेन म्हणाला. "फक्त शिशाची गोळी घे. दुसरं काही घेऊ नकोस."

मी शिशाची गोळी घ्यायला दुकानात गेलो. दुकानात शिशाची गोळी नव्हती. प्रायमर नव्हते, दारू नव्हती. फळ्यांवर फक्त किमतीच्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्या मात्र नव्या होत्या. दुकानदार म्हणाला, "टंचाई आहे. सगळा देश भरतोय."

"मग सरावाला तरी तयार काडतुसं द्या."

"मागच्या खोलीत दोन खोकी आहेत, पण ती एका जुन्या गिऱ्हाइकाची. महिन्याला येतो, मागच्या दारानं नेतो. नाव सांगत नाही, आणि तुम्ही विचारूही नका." मग तो खाली वाकला आणि त्यानं एक जड खोकं काउंटरवर आदळलं. "हे मात्र आहे. मुलाम्याच्या गोळ्या. आत शिसं, वर तांब्याचा पातळ मुलामा. पाचशे. कोणी घेत नाही म्हणून उरल्यात."

ज्या गोष्टीबद्दल दुकानदार स्वतःच 'कोणी घेत नाही' म्हणतो, ती गोष्ट आपण घेऊ नये एवढी अक्कल मला विम्याच्या नोकरीत तरी यायला हवी होती. पण त्या गोळ्या फार सुरेख दिसत होत्या. नव्या नाण्यासारख्या. मी घेतल्या.

मिस्टर ब्रेके यांनी त्यातली एक चिमटीत धरून खिडकीपाशी नेली, डोळ्यांच्या अगदी जवळ धरली. "नाताळचं चॉकलेट आहे का हे? चकचकीत कागदातलं?"

"तांब्याचा मुलामा आहे, मिस्टर ब्रेके. नळी साफ राहते म्हणे."

"वरून मुलामा द्यावा लागतो, तेव्हा आत काहीतरी झाकायचं असतं," असं म्हणून त्यांनी गोळी माझ्या कपातल्या कॉफीत टाकली. त्यांचा निशाणा फार चांगला आहे.

प्रायमर आणि दारू मी शेवटी टपालानं मागवली. हा माल कोणीतरी सज्ञान माणसानं सही करूनच घ्यावा लागतो. पार्सलवाली बाई सकाळी दहाला यायची, तेव्हा मी दुसऱ्या कोणाच्या तरी घरात ओल आली का ते बघत असायचो आणि मार्लिस शाळेच्या ग्रंथालयात. तीन वेळा दारावर चिठ्ठी लागली. चौथ्या वेळी मी चाळीस मैल गाडी हाकून त्यांच्या गोदामात गेलो. खिडकीतल्या माणसानं माझा वाहन परवाना पाहिला. परवान्यावर आमच्या जुन्या घराचा पत्ता होता. "हे पार्सल या पत्त्यावरच्या माणसाचं नाही," तो म्हणाला.

"पण तो माणूस मीच आहे."

"असेल. पण कागद तसं म्हणत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात लोकांना किमान चारशे वेळा ऐकवलंय. स्वतः ऐकताना ते इतकं उद्धट लागतं याची मला कल्पना नव्हती.

शेवटी नव्या पत्त्याचं विजेचं बिल दाखवून पार्सल घरी आणलं, पण खरी पंचाईत पुढंच होती. आमच्या कंपनीच्या नियमाप्रमाणं घरात असला पदार्थ ठेवला तर कळवावं लागतं. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण मी तो नियम लोकांना मोठ्यानं वाचून दाखवून पोट भरलेलं आहे. मी कळवलं. आठवड्यानं माझ्याच ऑफिसातली जॉइस हातात फळी आणि फळीला कागद लावून माझ्याच दारात उभी राहिली. कागद मी ओळखला. घरातल्या धोक्यांचा तो सत्तावीस कलमी तक्ता मीच तयार केला होता, आणि त्याबद्दल मला कंपनीनं एक पेन दिलं होतं.

"नॉर्बर्ट, तुझ्या धुराच्या घंटेत बॅटरी नाही," जॉइस म्हणाली.

"ती कालच काढली. कुरकुरत होती."

"तू असं ऐकून घेतोस का कोणाचं?"

माझ्या घरात एकूण अकरा दोष निघाले. जिन्याचा कठडा हलतो, ड्रायरच्या नळीत धुळीचा गोळा आहे, वगैरे. दारूसाठी एक इंच जाडीची लाकडी पेटी करायला सांगितली. ती मी केली. मार्लिस म्हणाली, "जिन्याचा कठडा मी सहा वर्षं सांगत होते. आधी बंदुकीची दारू आणली असतीस तर घर केव्हाच दुरुस्त झालं असतं."

मग पुंगळ्या. क्लबातून जमवलेल्या दोनशे पुंगळ्या काळ्याकुट्ट होत्या. त्या साफ करायचं यंत्र मिळतं, पण ड्वेन म्हणाला, "यंत्र कशाला? उशीच्या अभ्र्यात घाल, गाठ मार आणि कपडे धुवायच्या यंत्रात टाक. सगळे असंच करतात." हे 'सगळे' कोण, हे मी अजून शोधतोय. मी अभ्र्यात घातल्या, गाठ मारली, यंत्र चालू केलं. गाठ सुटली. तळघरात जो आवाज झाला तो ऐकून ड्वेन स्वतः धावत आला आणि म्हणाला, "एवढ्या सगळ्या एकदम घालायच्या नव्हत्या!" मी वाकून वाकून यंत्रातून पुंगळ्या वेचल्या आणि मोजल्या. एकशे नव्व्याण्णव भरल्या. म्हटलं, मोजताना चुकलं असेल.

चुकलं नव्हतं. त्या आठवड्यात चर्चच्या वेदीवरचं पांढरं कापड धुवायची पाळी मार्लिसची होती. रविवारी प्रार्थना संपून सगळे शांतपणे माना खाली घालून उभे असताना पाद्र्यांनी ते कापड जरा सारखं केलं आणि त्याच्या दुमडीतून एक पुंगळी खाली पडली. ठण्ण. मग घरंगळत निघाली. आमचं चर्च जुनं आहे आणि त्याची जमीन दाराकडं उतरती आहे. पुंगळी मधल्या वाटेनं एकेक बाक ओलांडत, सावकाश, सगळ्या गावाला दर्शन देत आली आणि मिस्टर ब्रेके यांच्या बुटाला लागून थांबली. त्यांनी ती उचलली. चष्मा वर करून आतून पाहिली, बाहेरून पाहिली. आणि त्या शांततेत म्हणाले, "नीट घासलेली नाही."

मार्लिस त्यानंतर तीन दिवस माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलली.

असो. फेब्रुवारीत मी भरायला बसलो. तळघरात दाबयंत्र बसवलं, समोर पुस्तक उघडून ठेवलं. ड्वेन शेजारी खुर्ची टाकून बसायचा, म्हणजे माझी कॉफी पिऊन मला सुधारायचा. एकदा त्यानं एक पुंगळी उलटी करून मला दाखवली. "हे बघ. प्रायमरच्या भोवती ही लाल रंगाची बारीक कडी दिसते? म्हणजे ही मूळची कारखान्यातली. ओल आत जाऊ नये म्हणून कारखाना ती लाख लावतो. घरी भरणारा कोणी असलं लावत बसत नाही. आपण प्रायमर बदलला की कडी जाते." मी मान डोलवली. ड्वेननं त्या तीन महिन्यांत मला शेकडो गोष्टी सांगितल्या. त्यातली खरी निघालेली ही एक.

आता तोंड आवळण्याबद्दल. शिशाच्या गोळीला कमरेला एक खाच असते. पुंगळीचं तोंड त्या खाचेत दाबलं की गोळी हलत नाही. माझ्या नव्या नाण्यांना खाचच नव्हती. पुस्तकात चौकटीत ताकीद दिली होती: मुलाम्याच्या गोळीवर तोंड फार घट्ट आवळू नका, मुलामा फाटतो. ताकीद! चौकटीत! विमेवाल्याला आणखी काय लागतं? बाळाच्या अंगावर दुलई घालावी इतक्या हळुवारपणे मी तोंड आवळलं. प्रत्येक काडतूस भिंगाखाली धरून बघितलं. मुलामा कुठंही फाटला नव्हता. ओळीनं लावून ठेवली तेव्हा मला अभिमानानं भरून आलं, हे कबूल करतो.

"चाचणी घेतलीस का?" मार्लिसनं विचारलं.

घेतली ना! एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर ड्वेनच्या भावाच्या खडीच्या खाणीत जाऊन घेतली. चांगली साठ काडतुसं उडवली. आणि जबाबदार माणसासारखी उडवली: एका वेळी एकच. चक्राच्या सहा घरांतल्या एकाच घरात काडतूस घालायचं, उडवायचं, रिकामं करायचं, तपासायचं, वहीत टिपायचं, मग दुसरं. ड्वेन म्हणाला, "संध्याकाळ होईल रे." मी म्हटलं, "अपघात घाईतच होतात." साठच्या साठ व्यवस्थित उडाली. मी वहीत खाली लिहिलं: दोष नाही.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी क्लबाच्या मैदानावर गुडघाभर चिखल होता आणि नऊ जोड्या होत्या. स्पर्धेची सूत्रं रोझमेरीच्या हातात होती. रोझमेरी एरवी शाळेची बस चालवते, त्यामुळं बंदूकधारी माणसांना ती अजिबात घाबरत नाही. मिस्टर ब्रेके लाल डबा काखेत घेऊन आले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "यंदा जोडीला विमेवाला आहे. काही झालं तर भरपाई मिळणार नाही." लोक हसत होते. मीही हसलो. चिखलात उभं राहून दुसरं काय करणार?

पहिल्यांदा त्यांची पाळी. नेम धरायला बराच वेळ लावला, पण सहापैकी चार काळ्या वर्तुळात गेल्या. मग मी. सहाही घरांत माझी सुंदर, चकचकीत, न फाटलेल्या मुलाम्याची काडतुसं घातली. पहिली गोळी उडाली. दुसरी उडाली. तिसरी चक्क काळ्या वर्तुळात गेली. मागून मार्लिस ओरडली, "शाबास!" चौथ्यांदा चाप ओढला तर चाप हलेना. जोर लावला. चक्र जागचं फिरेना.

"नळी समोर ठेवून खाली घे आणि थांब!" रोझमेरी ओरडली. ती आली, तिनं पाहिलं, आणि मग एकेक करून सगळा क्लब लांबून पाहायला आला. जे झालं होतं ते ड्वेननं सगळ्या गावाला मोठ्यानं समजावून सांगितलं. दर गोळीच्या धक्क्यानं आत वाट बघत बसलेली काडतुसं हिसकली होती. तोंड नीट आवळलेलं नसल्यामुळं त्यांच्या गोळ्या आपापल्या पुंगळीतून हळूहळू पुढं सरकल्या होत्या. आणि त्यातल्या एकीनं चक्राबाहेर डोकं काढून अख्खं रिव्हॉल्व्हर अडवून धरलं होतं.

"पण मी साठ उडवली होती!" मी म्हणालो.

"एकेक करून!" ड्वेन म्हणाला. "शेजारी दुसरी नव्हतीच, तर सरकणार कोण? मी तेव्हाच म्हटलं होतं."

ड्वेननं तेव्हा असलं काही म्हटलं नव्हतं. तो संध्याकाळ होईल म्हणाला होता.

हशा पिकला. मिस्टर ब्रेके हसले नाहीत, त्याहून वाईट केलं. ते पुढं आले, माझ्याकडं बघून मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकतीस वर्षं मी हेच सांगतोय. दिसायला बरा आहे, पण पकड नाही." मग लाल डब्यात हात घातला. "घे. माणसानं भरलेली काडतुसं कशी असतात ते बघ."

पाच काडतुसं माझ्या तळहातावर पडली. सहावं त्यांच्या बोटांतून निसटून चिखलात पडलं. मी वाकून उचललं, बूड पुसलं, आणि तिथंच वाकलेला राहिलो.

प्रायमरच्या भोवती लाल कडी होती. बारीक, गोल, कारखान्यातली. मी दुसरं पाहिलं. तिसरं पाहिलं. सहाही काडतुसं तशीच. विकतची. डब्यातलं सूप.

मला ते दुकान आठवलं, मागची खोली आठवली, महिन्याला येणारं जुनं गिऱ्हाईक आठवलं. देवाशपथ सांगतो, माझ्या छातीत असा काही आनंद उसळला की लग्नाच्या दिवशीही उसळला नव्हता. एकतीस वर्षं! सूप, गाडी, चॉकलेट, पुंगळी, पकड! आणि आता सगळा क्लब भोवती उभा होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी मान वर केली.

मिस्टर ब्रेके माझ्या हाताकडंच बघत होते. त्यांना कळलं होतं की मला कळलंय. डबा बंद करायला ते झाकण फिरवत होते आणि झाकण बसत नव्हतं. त्यांची बोटं थरथरत होती, जानेवारीत रिव्हॉल्व्हर देताना थरथरली होती तशीच, आणि ती तेव्हाही माझ्यासाठी थरथरली नव्हती. डाळीच्या दाण्याएवढा प्रायमर त्या बोटांत धरणं केवळ अशक्य होतं. किती वर्षं झाली असतील कोण जाणे. तळघराला कुलूप लावून हा म्हातारा मागच्या दारानं खोकी आणत होता आणि लाल डब्यात ओतत होता. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. इतक्या वर्षांनी हातात हुकुमाचा एक्का आला होता, आणि तो असा!

रोझमेरीनं अडलेलं चक्र मोकळं करून दिलं; अडचणीत जोडीदाराची काडतुसं वापरायला क्लबाची हरकत नसते. मी ती सहा काडतुसं उडवली. दोन लागल्या. म्हणजे सगळा दोष मुलाम्याच्या गोळ्यांचा नव्हता. आम्ही नऊ जोड्यांत सातवे आलो.

नंतर क्लबाच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती. भाजलेले सॉसेज, व्हिनेगरातले गरम बटाटे, बिअर. सगळे माझ्या अंगावर येऊन माझ्याच फजितीची गोष्ट मला सांगत होते. रोझमेरी कागद घेऊन टेबलापाशी आली. हे हमीपत्र म्हणजे क्लबाची आणखी एक जुनी खोड. स्वतःच्या काडतुसांची हमी स्वतः द्यायची नसते, जोडीदारानं द्यायची असते.

"नॉर्बर्ट, तुझी काडतुसं तूच भरलीस यावर ऑर्व्हिलनं सही केली," ती म्हणाली. "शंका घ्यायला जागाच नव्हती. आता तू कर. 'माझ्या जोडीदारानं वापरलेलं प्रत्येक काडतूस घरी, हातानं भरलेलं आहे, हे मी स्वतः खात्री करून सांगतो.' इथं."

मी नोकरीच्या इतक्या वर्षांत एकाही खोट्या कागदावर सही केलेली नाही. एका विधवेचं कोंबड्यांचं खुराडं जळालं, तेव्हा ते घरापासून नियमापेक्षा दोन फूट जास्त लांब भरलं म्हणून मी तिचा अर्ज नाकारलाय, आणि त्या रात्री मला झोपही लागली. माझ्या कोटाच्या खिशात सहा पुंगळ्या होत्या. कंपनीनं दिलेलं ते पेनही होतं. मी समोर पाहिलं. मिस्टर ब्रेके आपल्या ताटातल्या सॉसेजकडं बघत होते. सुरी हातात धरली होती, पण कापत नव्हते.

ड्वेन म्हणाला, "काय रे, बारीक अक्षर वाचतोयस का?" टेबल हसलं.

"वाचलं," मी म्हणालो. "मी प्रत्येक काडतूस उलटंसुलटं करून पाहिलंय. असं हातकाम आजकाल बघायला मिळत नाही." आणि सही केली. पेन छान चाललं.

रोझमेरी कागद घेऊन पुढच्या टेबलाकडं गेली. लोक पुन्हा बोलायला लागले. मिस्टर ब्रेके यांनी बटाट्यांचं भांडं दोन्ही हातांनी उचललं, म्हणजे थरथर दिसू नये, आणि टेबलावरून माझ्यापुढं ठेवलं.

"बटाटे घे," ते म्हणाले. "गार होतायत, नॉर्बर्ट."

मार्लिसच्या हातातला काटा खाली पडला. तिनं तो उचललाही नाही.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघत होतो तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "त्या तुझ्या चॉकलेटच्या गोळ्या, उरल्यात का?"

"चारशे आहेत, मिस्टर ब्रेके."

"ऑर्व्हिल म्हण. मिस्टर ब्रेके काय? डेअरीत कामाला आहेस का माझ्या? शंभर भरून दे. तोंड घट्ट आवळ, घाबरू नकोस, मुलामा जरा दबला तरी मरत नाही कोणी. पुढच्या महिन्यापासून त्या दुकानात जायला नको मला, फार जिना आहे. लाल डबा घेऊन जा आणि भरून आण."

"आज संध्याकाळीच येतो, ऑर्व्हिल."

"ये," ते म्हणाले. "पण मागच्या दारानं."